ताइतातला आशीर्वाद

१९७९ साल. यरुशलेमच्या जुन्या नगराबाहेर, हिन्नोमच्या खोऱ्यातल्या एका दफनगुहेत पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बारकाय यांच्या पथकाला चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. उलगडल्यावर मोठी जेमतेम दहा सेंटिमीटरची. पत्रा इतका ठिसूळ, की तो उघडण्यातच काही वर्षं गेली. आत केसासारख्या रेघांनी कोरलेली अक्षरं होती: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो.

हा ‘गणना’ पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद. पत्रे सुमारे २,६०० वर्षांपूर्वीचे. बायबलमधल्या मजकुराचा याहून जुना लेखी पुरावा आजवर हाती आलेला नाही. आणि तो मिळाला अंगावर बाळगायच्या ताइतात!

त्याच बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय मंत्रतंत्र, चेटूक, मृतांना कौल लावणं, साऱ्याला सक्त मनाई करतो. मग हे ताईत घालणारे धर्म मोडत होते का? मला तसं वाटत नाही. त्या चांदीवर आहे ते मागणं. देवाला वश करण्याचा दावा तिथे नाही.

शास्त्राचा संताप कुठे उसळतो, ते यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात पाहा. काही स्त्रिया लोकांच्या मनगटांसाठी मंतरलेल्या पट्ट्या शिवतात. कोण जगेल, कोण मरेल, त्याच ठरवतात. मोबदला मूठभर जव आणि भाकरीचे तुकडे. यहेज्केल बोलत होता बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासातून. घर गेलेलं, देश हातचा जाऊ लागलेला. अशा वेळी माणूस कुणी सांगेल ते बांधून घेतो. म्हणूनच देव म्हणतो, मी त्या पट्ट्या फाडीन आणि तुम्ही पाखरांसारखे धरलेले जीव सोडवीन.

आज जाहिरातीत ‘सिद्ध’ कडं मिळतं, फोनवर वशीकरण मिळतं. ‘हा संदेश पुढे पाठवा, नाहीतर अनिष्ट घडेल’ अशी धमकीही येते. गिऱ्हाईक तेच: आजारी, कर्जबाजारी, एकटं पडलेलं. आजीनं मायेनं बांधलेला दोरा आणि हा धंदा एकाच मापानं मोजू नयेत.

पहिल्या शतकात इफिस शहरात तर जादू करणाऱ्यांनी स्वतःच आपली पुस्तकं चारचौघांत जाळली. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्यांची किंमतही नोंदवतं: चांदीची ५०,००० नाणी. एक नाणं म्हणजे साधारण मजुराची दिवसाची कमाई. पुस्तकं विकता आली असती. त्यांनी ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडू दिली नाहीत.