काळा घोडा ते कुलाबा कॉजवे

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रप्रदर्शने पाहणे आणि बारमध्ये बसणे हे दोन वेगळ्या माणसांचे छंद आहेत, असा आपल्याकडे समज आहे. दक्षिण मुंबईत मात्र या दोहोंमध्ये पायी जेमतेम पंधरा मिनिटांचे अंतर आहे.

आरंभ जहांगीर कलादालनापासून करावा. 1952 साली उघडलेल्या या दालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शने दर आठवड्याला बदलत असल्यामुळे कितीही वेळा गेले तरी भिंतींवर नवे काहीतरी असतेच. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला खुशाल प्रश्न विचारावेत, कारण न विचारता निघून जाणाऱ्यांचीच त्याला अधिक सवय असते. याच इमारतीत 1964 पासून 2015 पर्यंत ‘समोवार’ हे उपाहारगृह होते आणि चित्रे पाहून झाल्यावरचा वाद तिथल्या टेबलांवर रंगत असे. ती उणीव परिसरातल्या चकचकीत कॅफेंनी भरून काढली आहे, असे मला वाटत नाही.

समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जुन्या कावसजी जहांगीर सभागृहात 1996 साली ते सुरू झाले आणि तेथील अर्धवर्तुळाकार मजले चढत थेट घुमटाखाली पोहोचेपर्यंत पाय दुखू लागतात, हेही सांगून ठेवतो.

तेथून कॉजवेकडे वळावे. 1871 सालच्या लिओपोल्ड कॅफेमध्ये 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा आजही जपलेल्या आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी मला तरी रुचत नाही. माझी पसंती जवळच्या कॅफे मोंडेगारला. मारिओ मिरांडा यांनी रंगवलेल्या तेथील भिंतींवर मुंबईची आणि खुद्द कॅफेतली माणसे दाटीवाटीने वावरत असतात आणि बिअरचा मग समोर ठेवून, तिकीट न काढता, ती हवा तितका वेळ न्याहाळता येतात. संध्याकाळचे तिसरे प्रदर्शन ते हेच.

एक व्यावहारिक सूचना. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू असून मद्यपानासाठी परवाना लागतो. बिअरसाठी वयाची 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. जहांगीर संध्याकाळी सातला बंद होते, तेव्हा आधी चित्रे पाहावीत आणि मगच बारकडे निघावे.