आईचं सलाईन आणि बाळाच्या वजनाचा काटा

पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाचं वजन उतरतं, आणि उतरायलाच हवं. जन्मतः वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यातलं जादा पाणी लघवीवाटे निघून जातं. पण उतरलेला प्रत्येक ग्रॅम आपण आईच्या दुधाच्या खात्यावर मांडतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

कळा चालू असताना सलाईनमधून आईच्या अंगात किती पाणी जातं, याचा हिशेब करा. ताशी १२५ मिलिलिटरने बारा तास म्हणजे दीड लिटर. एपिड्यूरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीच्या कण्यात दिलेलं भुलीचं औषध) देताना रक्तदाब पडू नये म्हणून बऱ्याचदा अर्धा ते एक लिटर वेगळं. सिझेरियन झालं तर आणखी. कळा वाढवण्यासाठीचं ऑक्सिटोसिन हे औषध जास्त मात्रेत चालू असेल, तर ते आईची लघवीही रोखून धरतं. त्यातलं काही पाणी वारेतून बाळाकडे जातं. असं बाळ काट्यावर थोडं जड भरतं आणि पुढच्या चोवीस तासांत ते पाणी लघवीतून बाहेर टाकतं.

कॅनडात ओटावा इथे झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईला मिळालेलं द्रव, बाळाची पहिल्या दिवसाची लघवी-शी आणि वजनातली घट यांचा संबंध दिसला. घट मोजताना जन्मवजनाऐवजी चोवीस तासांचं वजन पाया धरावं, असं त्या संशोधकांनी सुचवलं. तो अजून सर्वमान्य नियम नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की दोन्ही वजनं लिहा.

फरक किती पडतो ते पाहा. जन्मवजन ३२०० ग्रॅम, चोवीस तासांनी ३०२०, बहात्तर तासांनी २९००. जन्मवजनावरून घट ९.४ टक्के, लगेच वरच्या दुधाची बाटली पुढे येते. चोवीस तासांच्या वजनावरून तीच घट ४ टक्के.

मात्र ‘सलाईनचं पाणी उतरलं असेल’ म्हणून कुणी निर्धास्त राहू नका. हे धोक्याचं आहे. जादा पाणी उतरताना बाळ पहिल्या दिवशी भरपूर लघवी करतं. दूध कमी पडत असेल तर लघवी कमी होते. म्हणून डायपर कोरडा असताना तोला, ओला झाल्यावर तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. तिसऱ्या दिवसानंतरही डायपरवर विटकरी डाग, काळीच शी, सुस्ती, वाढती कावीळ, दूध गिळल्याचा आवाज नाही, यांतलं काही दिसलं तर सलाईनचा विचार बाजूला ठेवा. बाळाला लगेच तपासा, गरजेप्रमाणे रक्तातलं सोडियम पाहा. अशा वेळी वरचं दूध लागलं तर द्यावंच. आईचं काढलेलं दूध मिळालं तर उत्तम.

वजन उघड्या अंगाने, एकाच काट्यावर, काटा शून्यावर आणूनच घ्या. ओला डायपर राहिला तर सगळं गणित बिघडतं.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तेच पाणी आईच्या स्तनांतही उतरतं. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग टणक होतो आणि बाळाच्या तोंडात नीट मावत नाही. पाजण्याआधी बोटांची टोकं स्तनाग्राच्या मुळाशी गोल ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ हलका, स्थिर दाब द्या. दुखता कामा नये. तिथला भाग मऊ पडला की लगेच बाळाला लावा, कारण सूज पुन्हा भरते.

आणि आईला एकूण किती द्रव गेलं, तो आकडा बाळाच्या कागदांवर जन्मवजनाच्या शेजारीच लिहा.