फुल्ल, फुल आणि आजीचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात बेळगावात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "राकसकोप धरण भरलं काय?" आणि उत्तर येतं, "फुल्ल!" बस फुल्ल, कळशी फुल्ल, दळणाचा डबा फुल्ल. बोलताना हा शब्द आपल्या घरचाच झालाय. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र तो अडवतो.

तर ऐका. हा शब्द एकटा असला की शेवटी दोन एल. दुसऱ्या शब्दाच्या पाठीला चिकटला की एकच. स्पूनफुल, हँडफुल, केअरफुल. आपला 'भर' आठवा, चमचाभर, मूठभर, पसाभर. स्पूनफुलमधला फुल तेच काम करतो. पुन्हा सांगते, एकटा असेल तर दोन एल, चिकटला तर एक.

आणि 'पाण्यानं भरलेली कळशी' मनात ठेवून मुलं 'फुल्ल विथ वॉटर' लिहितात. तिथं 'फुल्ल ऑफ' हवं. 'विथ' फिल्डबरोबर जातो. फुल्ल ऑफ, फिल्ड विथ. पण त्यावरून पोरांना ओरडू नका हं. कन्नडमध्येही 'नीरिनिंद', म्हणजे पाण्यानंच. आपल्याकडं गटार तुंबतं, कन्नड शेजारी जेवून उठताना 'होट्टे तुंबितु' म्हणतात, पोट भरलं. असे शब्द दोन्हीकडून कानावर पडत वाढलेलं पोर श्रीमंत असतं, असं मी ठामपणे मानते. शाळांनी ते जपायला हवं.

आता आजीची गोष्ट. मी आठवीत होते. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. शेजारच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं. डॉक्टर केरळचे, त्यांना मराठी जेमतेम. घरी आल्यावर आजी मला म्हणाली, "त्या डॉक्टरास्नी इंग्रजीत पत्र लिव बाई. माझं मन भरून आलंय म्हणावं. आता मला काय बी नको."

मी डिक्शनरी काढली. मन म्हणजे माइंड, भरलं म्हणजे फुल्ल. लिहिलं, 'माय माइंड इज फुल्ल. नाऊ आय वाँट नथिंग.' पोस्टात टाकलं.

आठवड्यात उत्तर आलं. काही त्रास होतोय का, लगेच या, पैसे लागणार नाहीत. मी घाबरले. आजी मात्र ताठ उठली. पसाभर शेंगा रुमालात बांधल्या आणि आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो.

डॉक्टरांनी डोळे तपासले, उत्तम होते. मग पत्र पुढं ठेवून मला विचारलं, आजींना नक्की काय म्हणायचं होतं? मला सांगता येईना. तेवढ्यात आजीनं दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डोळ्यांतून पाणी.

डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. मग पेन घेऊन माझ्या पत्रातला 'माइंड' खोडला आणि वर लिहिलं, 'हार्ट'. 'फुल्ल' तसाच ठेवला, दोन एलचा. खालचं वाक्य पूर्ण काढून टाकलं.

परतीच्या एसटीत आजीनं विचारलं, "काय खोडलं ग त्यांनी?"

मी म्हटलं, "मन काढून काळीज लिहिलं, आजी."

"हां," ती म्हणाली, "कळलं म्हणायचं त्यास्नी." आणि खिडकीतून दिसणारी एकेक पाटी मला वाचून दाखवू लागली.