पांढरी सहा द्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘युकुलेले गटात वाजवण्याचं सुख’. सुखाकडं येतोच, आधी नाव उरकू. हवाईच्या भाषेत ‘उकु’ म्हणजे पिसू आणि ‘लेले’ म्हणजे उडी, असा त्याचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांत राबायला होनोलुलूला उतरली. येताना त्यांनी एक चार तारांचं लहानसं वाद्य आणलं होतं, त्याचंच हे तिकडं झालेलं रूप. ऊस जिथं नेईल तिथं मजूर जातो आणि मजुराबरोबर त्याचं गाणं जातं, हे बीड जिल्ह्यात बसून वेगळं सांगायची गरज नाही.

आता पिशवीतून हे बाहेर काढलं की पारावरून हमखास प्रश्न येतो, “हे काय खेळणं घेऊन हिंडायलाव?” त्याचं काही वाटून घेऊ नका. पखवाजापुढं ठेवलं तर ते खेळणंच दिसतं.

खरी तक्रार आहे ती सूर लावण्याची. दहा जण जमले की दहाही जण एकाच वेळी खुंट्या पिळतात आणि पाऊण तास त्यातच जातो. फोनवरचं ॲप माइकनं ऐकतं. शेजाऱ्याची तार तुमच्यापेक्षा मोठ्यानं वाजली की ते तिचाच सूर दाखवतं आणि तुम्ही आपली चांगली लागलेली तार उतरवून बसता. क्लिपचा ट्यूनर वाद्याच्या डोक्याला चिमटा लावून बसवा. तो लाकडाची थरथर मोजतो, त्यामुळं गोंगाटातही फसत नाही. त्यातली चपटी बॅटरी बहुतेक वेळा २०३२ नंबरची असते. एक जास्तीची जवळ असू द्या, कारण ती संपते तीही कार्यक्रमाच्या दिवशीच.

त्याहून बरा उपाय आपल्या गावात आधीपासून आहे, तो म्हणजे भजनी मंडळाची पेटी. तारा चौथीपासून पहिलीपर्यंत जी, सी, ई, ए अशा लागतात. पेटीवर याच पांढरी पाच, एक, तीन आणि सहा. चारही सूर एकाच सप्तकात बसतात. इथं नवी माणसं चुकतात. चौथी तार हनुवटीच्या बाजूला असते म्हणून ती खर्जातली असणार असं धरून तिला पार ढिली करतात. नेहमीच्या संचात ती तिसरी आणि दुसरी या दोन्हींपेक्षा चढी असते, वाद्याचा तो खळाळ तिच्यामुळंच येतो. ट्यूनर आणि पेटीचं जमलं नाही, तर पेटीचं ऐका. जुन्या पेट्या ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं या हिशोबाला पुरत्या उतरतीलच असं नाही, आणि पेटीचे सूर काही ऐनवेळी खुंटी पिळून बदलता येत नाहीत. तारांचे येतात.

करायचं असं. पेटीवाल्यानं पांढरी सहा धरून ठेवायची. आधी पुढच्या रांगेनं पहिली तार लावायची, तोवर मागच्या रांगेनं हात बांधून बसायचं. तार चढी असेल तर सुराच्या खाली उतरवा आणि मग वर येत थांबा. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीतला ढिलेपणा तसाच राहतो आणि दोन मिनिटांत तार उतरते. नव्या नायलॉनच्या तारा आठवडाभर ताणत राहतात. बाराव्या पडद्याशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीशी, बोटानं हलकं ओढा, पुन्हा लावा, असं तीन-चार वेळा करा. तरीही सूर उतरतच राहिला तर घोडीजवळची, म्हणजे तारा बांधतात त्या लाकडी पट्टीजवळची, गाठ बघा, ती सरकत असते.

आणि आपला उन्हाळा! एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. पडद्यांची टोकं हाताला टोचायला लागली की समजा वाद्याला तहान लागलीय. झाकणाच्या साबणदाणीला भोकं पाडा, आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि ती वाद्याच्या पेटाऱ्यात लाकडाला पाणी लागणार नाही अशी बसवा. बंद मोटारीत ठेवाल तर डिंक सुटून घोडी उचलते. नवं घेणाराला सल्ला एकच, अखंड लाकडाच्या नादी लागू नका, प्लायचं घ्या. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या. आणि कूलरच्या थेट झोतात बसू नका, नाहीतर दर दोन गाण्यांनी...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे, आणि सुख तर अजून बाकीच आहे.

तर थोडक्यात. माझं म्हणणं इतकंच, की वर्ग काढू नका, मंडळ काढा. वर्गात सगळ्यांना एकच धडा असतो आणि मागं पडलेला तिसऱ्या आठवड्यात यायचा थांबतो. गंगाखेडपासून पैठणपर्यंत कुठल्याही भजनी मंडळात बघा, नुसती सम धरणारा टाळकरी आयुष्यभर बसतो आणि त्याला कुणी उठवत नाही. युकुलेलेत ही सोय आयतीच आहे. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार सूर. सी कॉर्डला एक बोट लागतं, पहिल्या तारेचा तिसरा पडदा. नव्या माणसानं तेवढीच वाजवावी, एफ आणि जी आल्या की हात उचलून घ्यावा. गाणं त्याच्यावाचून अडत नाही, आणि तो असला की भरतं.

शेवटी भैरवी आली की मात्र सी कॉर्ड गळ्याशी भांडते. तिच्यात शुद्ध गंधार आहे, गायकाला कोमल हवा. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही तारांचा तिसरा पडदा दाबा, उरलेल्या दोन मोकळ्या सोडा. प, सा, प, सा, दुसरं काही नाही. दहा जणांनी हळू छेडलं की तंबोऱ्यासारखा आधार होतो. गायक काळी एकचा असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, चढवा, बोटं तीच.

ठेका केरवा, आठ मात्रांचा. विषम मात्रेला हात खाली, सम आकड्याला वर. दुसरी आणि पाचवी रिकामी, म्हणजे हात फिरतो पण तार लागत नाही. तिथं हात थांबवला की पुढची मात्रा उशिरा येते, सगळ्यांची चूक हीच. बघा, केरव्याची ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, पाचवीवरच असते, हात बरोबर तिथंच मोकळा जातो. पखवाज शेजारी नको, दहा युकुलेले त्यात बुडतात. चिपळ्या चालतील.

पुन्हा चिठ्ठी. बरं, ज्यांनी वाद्यं आणलीत त्यांनी फोन खिशात घाला. तो कूलर जरा बंद करा. पेटीवाले, पांढरी सहा द्या. पुढची रांग, फक्त पहिली तार.