गोल दाणा, लांब दाणा

(काळा पडदा. आधी फक्त आवाज, मग चित्र.)

हा आवाज वाळलेल्या सोयाबीनचा. स्टीलच्या ताटात दाणे ओतले की छऱ्यांसारखे खणखणतात आणि घरंगळत कडेला जाऊन आपटतात.

जवळून बघा. दाणा जवळजवळ गोल आहे, वाटाण्याएवढा. साल गुळगुळीत, फिकट पिवळी. एका बाजूला हा छोटा डाग. त्याला डोळा म्हणतात. शेंगेत दाणा जिथे चिकटलेला असतो, त्या जागेची ही खूण. काही वाणांत हा डोळा काळा, काहींत तपकिरी, तर काहींत सालीच्याच रंगाचा. सोयादूध आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करणारे फिकट डोळ्याचा दाणा शोधतात, कारण काळ्या डोळ्यामुळे दूध किंचित मळकट दिसतं. नुसतं शिजवून खायचं असेल तर डोळा कुठल्याही रंगाचा असू दे.

हा गोलपणा तेवढा लक्षात ठेवा. उद्या सकाळी तो राहणार नाही.

(दृश्य: शेतातल्या ओळी. खुरपं चालवणारे हात. उपटलेलं एक रोप.)

पाकिटावर ‘सेंद्रिय’ असं लिहिलेलं असतं. त्या शब्दाचा अर्थ दुकानात कळत नाही, इथे कळतो. या मुळांवरच्या गाठी बघा, मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एक गाठ ब्लेडने मधोमध कापली आहे. आतून गुलाबी. या गाठींत जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात ते आणून देतात आणि मोबदल्यात रोप त्यांना साखर पुरवतं. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लांबच्या नातेवाइकाचा. गाठ आतून गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर बंद पडला.

म्हणजे नत्राच्या बाबतीत सोयाबीन बरंचसं स्वतःचं स्वतः बघतं. मग सेंद्रिय शेती करणाऱ्याचं अडतं कुठे? तणापाशी. १९९६ साली अमेरिकेत तणनाशक सहन करणारं, जनुकीय बदल केलेलं सोयाबीन शेतात उतरलं. आज तिथलं ९० टक्क्यांहून जास्त पीक अशाच बियाण्याचं आहे. तणनाशक फवारलं, तण जळालं, पीक उभं. सेंद्रिय प्रमाणपत्राला ते बियाणं चालत नाही आणि ते रसायनही चालत नाही. उरतं कोळपं आणि खुरपं. सेंद्रिय पाकिटाला चार पैसे जास्त का पडतात, असं कुणी विचारलं की आम्ही हे दृश्य दाखवतो.

(दहा सेकंद निवेदन नाही. फक्त ओळी, हात, पाठी.)

सेंद्रिय दाणा जास्त पौष्टिक असतो, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. १०० ग्रॅम वाळलेल्या सोयाबीनमध्ये साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम तेल आणि ९ ग्रॅम चोथा असतो. इकडेही तेवढाच, तिकडेही तेवढाच.

(दृश्य: टेबलावर तीन पाकिटं. बोट लेबलावरून फिरतं.)

आता खरेदी. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘थेट शेतातून’ या शब्दांमागे प्रमाणपत्र असेलच असं नाही. बघायचं ते बोधचिन्ह, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात असते ती तारीख. खरं सांगायचं तर स्वयंपाकघरात या तारखेचा उपयोग बोधचिन्हापेक्षा जास्त होतो.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी आणलेल्या पाकिटावर पॅकिंगची तारीख होती, पण पीक कुठल्या वर्षीचं ते नव्हतं. दाणे रात्रभर भिजवले, तीन तास रटरटा शिजवले, तरी मधोमध कडक. गांगडूच्या गांगडू. उष्ण, दमट जागी बराच काळ पडून राहिलेलं कडधान्य असंच वागतं. मग इंधन जाळून उपयोग नसतो. चमच्यातला दाणा चावून बघतानाचा हा चेहरा आम्ही संकलनात काढणार होतो. राहू दिला.

म्हणून सुटं घेत असाल तर मूठभर हातात घ्या आणि आधी वास घ्या. दाण्यात एक पंचमांश तेल आहे, आणि दाणा फुटला की ते तेल हवेला उघडं पडून खवट होतं. दुफळ्या आणि तुकडे जास्त दिसले तर पुढे चला. सुरकुतलेले, हिरवे राहिलेले, बुरशीचे ठिपके असलेले दाणे वेगळे काढा. आणि या वाटीतला हा गुलाबी दाणा नीट बघून ठेवा. हे पेरणीचं बियाणं आहे, त्यावर बुरशीनाशकाचा लेप आहे. रंग लाल असो, हिरवा असो, निळा असो, असा दाणा धुऊन, पुसून, सोलूनसुद्धा खायचा नाही.

(दृश्य: नकाशा. पूर्व आशियावर हळूहळू रंग पसरतो.)

सोयाबीनचा रानटी पूर्वज आजही पूर्व आशियात उगवतो: वेलीसारखा, बारीक काळ्या दाण्यांचा. त्याच भागात काही हजार वर्षांपूर्वी माणसानं तो शेतात आणला. गंमत अशी की ज्यांनी सोयाबीन जगाला दिलं, त्यांनी ते नुसतं उकडून खाण्यात फार समाधान मानलं नाही. चीनमध्ये दळून, गाळून, साकळवून त्याचा टोफू झाला. जपानमध्ये आंबवून मिसो ही खारट पेस्ट आणि नात्तो हे चिकट दाणे झाले, जावा बेटावर बुरशीच्या मदतीने टेंपे ही घट्ट वडी. एवढा खटाटोप कशासाठी, ते थोड्या वेळाने हा दाणाच सांगेल.

आज मात्र जगात पिकणाऱ्या सोयाबीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. दाणा चेपून, बहुतेक ठिकाणी हेक्झेन या द्रावकाने तेल काढून घेतात आणि उरलेली पेंड गोठ्याकडे आणि खुराड्याकडे निघते. तेल काढलेल्या पिठाचे सोया चंक्सही होतात. चंक्सशी आमचं भांडण नाही. पण सबंध दाणा हातात असताना त्यातलं तेल आणि साल सोडून उरलेलंच का खावं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

(दृश्य: काचेचं भांडं. वर घड्याळ. जलद गतीने रात्र.)

या सगळ्या चित्रणातला आमचा सगळ्यात आवडता भाग आता येतोय. २५० ग्रॅम दाणे, तिप्पट-चौपट पाणी, चमचाभर मीठ. मिठामुळे साल मऊ पडायला मदत होते.

पहिल्या तासात दाण्याला सुरकुत्या पडतात. पाणी आधी साल पिते, साल फुगते, पण आतला गर अजून कोरडाच असतो. म्हणून साल सैल कपड्यासारखी चुरगळते. बघा, अख्खं भांडं म्हातारं झाल्यासारखं दिसतंय. मग गर पाणी ओढू लागतो आणि एकेक सुरकुती विरत जाते. आणि आता आकार बघा. दाणा सगळीकडून सारखा फुगत नाही, तो लांबट होत जातो. संध्याकाळी वाटाणा होता, सकाळी राजम्याचा धाकटा भाऊ झाला. वजन आता साडेपाचशे ग्रॅमच्या पुढे, म्हणजे दुपटीहून जास्त. तळाशी जे दोन-तीन दाणे अजून गोल दिसतात, ते गांगडू. ते काढून टाका.

आठ ते बारा तास पुरतात. हवा गरम असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं. वर जमलेला हा फेस आणि हे पिवळसर पाणी ओतून द्यायचं. यात जीवनसत्त्वं जातात, अशी हळहळ काही जणांना वाटते. थोडी जातातही. पण त्याबरोबर रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरांचाही काही भाग जातो. त्या पचवणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. पोट फुगतं ते त्यामुळे.

(दृश्य: पातेलं, मोठी आच. पांढरा फेस काठापर्यंत.)

उकळी आली की हा फेस. साबणासारखा दिसतो, आणि तो तयार करणाऱ्या सॅपोनिन या घटकाच्या नावाचं मूळही साबणाच्या लॅटिन शब्दातच आहे. झाऱ्याने काढत राहा. झाकण ठेवून खोलीबाहेर गेलात तर शेगडी पुसायला परत यावं लागेल.

फेस शांत झाल्यावर कुकर. दाण्यांनी कुकर फक्त एक तृतीयांश भरायचा, पाणी धरून फार तर अर्धा. वर चमचाभर तेल, म्हणजे फेस दबतो. सोयाबीनची साल सुटून वर तरंगते आणि शिट्टीच्या भोकात जाऊन बसते, म्हणून ही काळजी. प्रेशर आल्यावर मंद आचेवर साधारण २० मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. कुकर नसेल तर उघड्या पातेल्यात तीन तासांची तयारी ठेवा.

एवढं का शिजवायचं? कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला रोखणारे पदार्थ असतात, आणि ट्रिप्सिन तर आपल्याला प्रथिनं पचवायला लागतं. १९१७ साली ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं की कच्च्या सोयाबीनवर त्यांची वाढ नीट होत नाही, तेच सोयाबीन शिजवून दिलं की होते. हा अडथळा रोपाने स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलेला आहे. त्यामुळे दाणा सेंद्रिय असला तरी कच्चा तो कच्चाच. अर्धवट शिजलेलं सोयाबीन ‘कुरकुरीत छान लागतं’ म्हणून खाऊ नका.

(दृश्य: मिक्सरमध्ये वाफाळतं पाणी.)

कुकर शिजेपर्यंत बाजूला ठेवलेल्या वाटीभर भिजल्या दाण्यांचं दूध. दाणा थंड पाण्यात वाटला की हिरवट, कच्चट वास येतो. कॅमेऱ्याला तो टिपता येत नाही, हे त्याचं भाग्य. दाणा फुटून पाणी लागताच लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम तेलावर काम सुरू करतं, त्याचा हा वास. उपाय सोपा आहे: वाटायचं ते उकळत्या पाण्यातच. ८० अंशांच्या वर ते एन्झाइम टिकत नाही.

मग फडकं, पीळ, आणि भांड्यात पडणारी ही सायीच्या रंगाची धार. फडक्यात राहतो तो चोथा. कणकेत मळा, पण टाकू नका. दूध तापायला ठेवलं की काही मिनिटांत ते असं वर येतं. ही खोटी उकळी. दूध अजून उकळलेलं नाही, नुसता फेस चढलाय. आम्हीही फसलो, आणि कॅमेरामागून कुणीतरी ओरडलं ते तुम्हाला ऐकू येतंच आहे. फेस मोडून आच कमी करायची आणि खऱ्या उकळीनंतर दहा मिनिटं ढवळत राहायचं. वर धरणारी ही पातळ साय काठीने उचलून तशीच खाता येते.

(दृश्य: कुकर उघडतो. वाफ.)

सोयाबीन शिजल्यावर हरभऱ्यासारखं पिठूळ होत नाही. स्टार्च त्यात जवळजवळ नसतोच, त्यामुळे दाणा अख्खा राहतो आणि रस्सा आपोआप दाट होत नाही. दिसण्यावरून शिजलं की नाही ते कळत नाही. एक दाणा अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये धरा. करंगळीत जोर कमी असतो, तेवढ्या जोराने तो असा सपाट झाला पाहिजे. पुन्हा दाखवतो, सावकाश.

आंबट काही घालायचं असेल तर आत्ता, दाणा मऊ झाल्यावर. आधी घातलं असतं तर तो मऊच झाला नसता. लिंबू पिळलंत तर आणखी चांगलं. यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही, क जीवनसत्त्वाने त्याला वाट मिळते. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांनी यातलं काहीच खायचं नाही, थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मध्ये किती तास ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावं, पूर्ण वनस्पतिजन्य आहार असेल तर बी-१२ वेगळं घ्यावं लागतं, आणि पहिल्या दिवशी वाटीभर नको, दोन चमचेच. उरलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं.

(दृश्य: वाटी. पहिला घास. चेहरा.)

मीठ कमी पडलंय, असं घास घेणाऱ्या बाई म्हणतात. ते चित्रणातच स्पष्ट ऐकू येतं, म्हणून इथे निवेदन नाही.