बीठलु भैला: शीख आणि हिंदू परंपरांच्या नात्याविषयी

मंडळी, आधी दोन ओळी वाचतो. भाषा ओळखीची वाटते का, ते ऐकता ऐकता तुम्हीच ठरवा.

"आनीले कुंभ भराईले ऊदक ठाकुर कउ इसनानु करउ." आणि थोडं पुढे: "आनीले दूधु रीधाईले खीरं ठाकुर कउ नैवेदु करउ, पहिले दूधु बिटारिओ बछरै बीठलु भैला काइ करउ."

कुंभ आणला, उदक भरलं, देवाला स्नान घालावं म्हटलं. तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव आधीच नांदताहेत. फुलं आणून माळ ओवली. भुंगा आधीच वास घेऊन गेलेला. दूध आणून खीर रांधली, नैवेद्य दाखवावा म्हटलं. तर ते दूध वासराने आधीच विटाळलेलं. ‘बिटारिओ’ म्हणजे आपलं विटाळणंच. आता मी काय करू? पाण्यातल्या जिवात, भुंग्यात, वासरात, सगळीकडे विठ्ठल माझ्या आधी जाऊन बसला आहे.

हे नामदेवांचं पद. पण ते मी गाथ्यातून वाचलेलं नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये, राग आसामध्ये, ४८५ व्या अंगावर ते आहे. शीख लोक त्या ग्रंथाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, कारण ग्रंथ हा त्यांचा जिवंत गुरू आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदास लेखनिक होते. त्यात शीख गुरूंच्या वाणीबरोबर पंधरा भगतांची, म्हणजे संतांची, वाणी घेतली; त्यांत काशीचे कबीर आणि रविदास, मुलतानकडचे सूफी शेख फरीद आणि आपले नामदेव. नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. गाथ्यातले नामदेव आणि ग्रंथातले नामदेव एकच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण शीख परंपरेच्या मनात तसा संदेह नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे, आणि २०१५ मध्ये आपलं साहित्य संमेलन तिथे भरलं तेही त्याच नात्यामुळे.

हे पद मुद्दाम आधी घेतलं. शीख आणि हिंदू यांचं नातं काय, असं विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर येतं: "अहो, ते आपलेच." ते प्रेमाने येतं, हे मी मानतो. पण त्या प्रेमात समोरच्याचं ऐकून घेणं बहुधा राहून जातं. नामदेवांचा विठ्ठल ग्रंथात गेला. विटेवरची मूर्ती गेली नाही, चंद्रभागा गेली नाही, आषाढीची वारी गेली नाही. नाव तेच राहिलं आणि त्या नावाखालची जमीन बदलली. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे.

ग्रंथाच्या आरंभीचा मूलमंत्र बघा. "इक ओंकार, सति नामु, करता पुरखु, निरभउ, निरवैरु, अकाल मूरति, अजूनी, सैभं, गुर प्रसादि." यातला एकही शब्द मराठी माणसाला परका नाही. सैभं म्हणजे स्वयंभू. अजूनी म्हणजे जो योनीत येत नाही, जन्मत नाही. या एका शब्दावर किती भार आहे! परमेश्वर जन्म घेत नसेल, तर अवताराची उपासना उरत नाही. ग्रंथात राम, हरी, गोविंद ही नावं पानोपानी भेटतात, कर्म आहे, माया आहे, जन्ममरणाचा फेरा आणि त्यातून सुटका आहे. पण ‘राम’ ऐकून आपल्या डोळ्यांपुढे अयोध्या उभी राहते आणि शिखाच्या मनात चराचरात रमलेला निराकार असतो. कुणी म्हणेल, निर्गुण आपल्याकडेही आहेच. आहेच! म्हणून तर निव्वळ तत्त्वज्ञानात सीमारेषा शोधायला गेलं की ती हाताला लागत नाही. ती लागते आचारात.

गुरू नानकांच्या मुंजीची गोष्ट जनमसाखीत, म्हणजे त्यांच्या पारंपरिक चरित्रकथांत, येते. जानवं घालायला पुरोहित आला, तेव्हा त्या मुलाने विचारलेल्या जानव्याचं वर्णन ग्रंथातल्या ‘आसा दी वार’ या रचनेत आहे: दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ, सत्याचा पीळ. असं जानवं असेल तर घाल. असं आपल्या संतांनीही म्हटलं, पण आपल्याकडे ते अभंगात राहिलं आणि मुंजी चालूच राहिल्या. तिथे त्या नकाराची रीत झाली. पंगतीत सगळ्यांनी एका ओळीत बसून जेवायचं, संन्यास न घेता संसारात राहून कष्टाचं खायचं आणि वाटून खायचं. लग्नात अग्नीऐवजी ग्रंथाला चार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला शीख गुरू रामदासांची एक लाव, म्हणजे लग्नाच्या पदाचं एक कडवं. १६९९ च्या वैशाखीला खालसा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ, उभा राहिला आणि ही वेगळी ओळख अंगावरही दिसू लागली.

आता रीत झाली म्हणजे जात संपली असं नाही. पंजाबात आजही कित्येक गावांत दलितांचे गुरुद्वारे वेगळे, स्मशानं वेगळी. ही खंत शीख लेखक स्वतः मांडतात, म्हणून इथे सांगायला मला संकोच नाही. विचार सोडून दिला तरी जात मागे मागे येते, हे दुखणं दोन्हीकडचं आहे.

‘आपलेच’ म्हटल्यावर त्यांना का लागतं, हेही समजून घेतलं पाहिजे. १८९८ मध्ये शीख विद्वान काहनसिंग नाभा यांनी ‘हम हिंदू नहीं’ ही पुस्तिका लिहिली. पंजाबात तेव्हा आर्य समाजाशी वाद पेटले होते, आणि शीख म्हणजे हिंदूंचाच एक पंथ, असं उघड सांगितलं जात होतं. १९०५ मध्ये दरबार साहिबच्या, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या, परिक्रमेतल्या मूर्ती हलवल्या गेल्या. पुढे राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने शिखांना कृपाण बाळगण्याचा हक्क दिला, आणि त्याच कलमाच्या पुढच्या स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या शब्दात शीख, जैन, बौद्ध धरावेत असंही म्हटलं. हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंना खुल्या करण्यापुरता तो उल्लेख आहे. तरी तो त्यांना बोचला, आणि १९८४ मध्ये अकाली नेत्यांनी त्या कलमाच्या प्रती जाळल्या. आनंद विवाहाचा कायदा १९०९ चा. पण त्याखाली लग्न नोंदवण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने झाली. तोवर शीख जोडप्याचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली नोंदलं जाई. आपल्या लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्याच धर्माचं नाव आलं तर आपल्याला कसं वाटेल?

आणि तरी घरं एकमेकांत गुंतलेली आहेत. पंजाबी हिंदू घरांत थोरला मुलगा शीख करण्याची चाल होती. एक भाऊ पगडीचा, दुसरा बिनपगडीचा, आई दोघांना एकाच ताटात वाढणारी. फार लांब नको, आपल्या उल्हासनगरला जा. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं तिथे आहेत. त्यांतले कित्येक स्वतःला हिंदू म्हणवतात, सिंध्यांच्या झुलेलाल देवाला पूजतात आणि गुरू नानकांपुढे माथा टेकतात. त्यांना ‘तुम्ही हिंदू की शीख’ असं विचारलं तर ते आपल्याकडे नवलाने बघतात.

शेवटी नांदेडला येतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी देह ठेवला आणि ग्रंथालाच गुरुपद दिलं. तिथलं हुजूर साहिब हे पाच तख्तांपैकी, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. तिथल्या चालीरीती पंजाबपेक्षा जुन्या वळणाच्या राहिल्या आहेत: रोज गोदावरीची घागर येते, शस्त्रांना चंदन लागतं, आणि संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. पंजाबात सर्वसाधारणपणे मानली जाणारी रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, थाळीत दिवे घेऊन केलेली आरती नाकारते. का नाकारते, ते आरतीच्या शब्दांतच आहे. जगन्नाथपुरीत गुरू नानकांनी म्हटलेलं, असं परंपरा सांगते, ते पद: "गगन मै थालु रवि चंदु दीपक बने." आकाशाचं ताट आहे, सूर्य-चंद्र दिवे झाले आहेत, ताऱ्यांचे मोती आहेत, माणसाने आणखी काय ओवाळायचं?

नांदेडला मी ती आरती अनेकदा ऐकली आहे. एकदा माझ्याशेजारी पंजाबातून आलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. दिवे फिरायला लागले तसे ते अस्वस्थ झाले, आणि ओठ मात्र शब्दांबरोबर हलत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी तिथल्या एका दख्खनी शिखाला विचारलं, "हे शब्द म्हणता आणि दिवेही लावता?" तो नांदेडच्या मराठीत म्हणाला, "बाबाजी, दिवा आम्ही देवाला दाखवायला नाही लावत. आम्हालाच दिसावं म्हणून लावतो." वृद्ध गृहस्थ काही बोलले नाहीत. पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मग दोघं बरोबरच लंगरकडे गेले आणि एका पंगतीत बसले.