चार पेंढ्या चारा

(तालुक्याच्या वाचनालयात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय बाहेर फळ्यावर लिहिला आहे, ‘मुलांचं घरचं वाचन’. घरी नेमकं काय करायचं ते सांगणार आहे, पण आधी माझ्या नातवाची गोष्ट. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तिथे मनात घोळत राहिलेली गोष्ट त्या एका संध्याकाळी मला स्वच्छ ऐकू आली.

नातू पुण्यात असतो. तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. मुलीनं त्याला घरी मराठी वाचायला शिकवलंय आणि चांगलं शिकवलंय. दिवाळीच्या सुटीत सगळे आमच्याकडे, सोलापूर जिल्ह्यात, आले होते. मी वर्गासाठी लिहिलेली एक छोटी गोष्ट त्याच्या हातात दिली. त्यात एक वाक्य होतं : ‘मामांनी गोठ्यातल्या गाईला चार पेंढ्या चारा घातला.’ पोरानं खणखणीत वाचलं. जोडाक्षर अडलं नाही, अनुस्वार सुटला नाही. मुलीनं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं.

मला मात्र खटकलं. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च त्यानं एकच काढला. चंद्रातला च. आपण ‘चारा’ म्हणताना चाकातला च काढतो ना? म्हणून बघा एकदा. हं.

मी विचारलं, “मामांनी गाईला काय दिलं रे?”

“चार पेंढ्या.”

“आणि चारा?”

थोडा थांबला. “चारच गं आजी. परत सांगितलंय.”

“बरं, पेंढी म्हणजे काय?”

“पेढ्यासारखं असतं ना?”

हसा, हसा. आम्हीही हसलो. पण त्याच्या डोळ्यांपुढचं चित्र बघा. गोठ्यात गाय उभी आहे आणि मामा तिला चार पेढे भरवतायत. दिवाळीचे दिवस, घरात पेढ्यांचा बॉक्स उघडा, त्याच्या हिशेबात सगळं जुळत होतं. पोरगं अर्थ लावत होतं, त्याच्याकडे शब्दच नव्हते.

सकाळी त्याला शेजारच्या गोठ्यावर नेलं. ज्वारीच्या कडब्याची गंज लावलेली होती. त्यातली एक पेंढी, म्हणजे बांधलेली जुडी, त्याला उचलायला दिली. उभी केली तर त्याच्या डोक्याच्या वर गेली. वाळलेली पानं हाताला खरखरीत लागली, कोपरापर्यंत ओरखडे उठले, ते तो दिवसभर सगळ्यांना दाखवत होता. कडबा शेकड्यावर विकतात, हे त्याला गोठेवाल्या काकांनी सांगितलं. यानं विचारलं, “काका, चारही पेंढ्या ती अख्ख्या खाते?” ते म्हणाले, “नाही रे, आधी मशीनवर बारीक तुकडे, म्हणजे कुट्टी, करायची, मग घालायची.” ती कडबाकुट्टीही चालवून दाखवली.

दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा वाचायला दिली. मी काही सुधारलं नव्हतं, च कसा म्हणायचा ते सांगितलं नव्हतं. ‘चार पेंढ्या चारा’ त्यानं अगदी आपल्यासारखं वाचलं. पहिला च चंद्रातला, दुसरा चाकातला. आणि वाक्य संपल्यावर थांबून म्हणाला, “कुट्टी करून घातला असणार.” गोष्टीत कुट्टीचा उल्लेखही नाही! आकलन म्हणतात ते हे. कागदावर नसलेली गोष्ट त्यानं स्वतःच्या पदरची घातली आणि ती बरोबर होती.

आता यात मराठीची एक गंमत आहे आणि ती पालकांनी समजून घ्यावी असं मला फार वाटतं. आपली लिपी पुष्कळशी सरळ आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आले की मूल कुठलाही शब्द मोठ्यानं म्हणू शकतं, माहीत नसलेलासुद्धा. त्यामुळे आपण फसतो. मूल घडाघडा वाचतंय म्हणजे त्याला कळतंय, असं धरून चालतो. पण च, ज, झ या अक्षरांना दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिण्यात फरक नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘तू सुखानं जग’ यांतले ज वेगळे. कोणता काढायचा हे डोळ्यांना दिसत नाही, तो शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. ‘माझा भाऊ’ आणि ‘माझी बहीण’ यांतला झ घरात मराठी बोलणाऱ्या कुठल्या मुलाचा चुकतो? कुणी शिकवतं का त्याला? म्हणून मूल वाचत असताना या तीन अक्षरांकडे कान ठेवा. तिथे उच्चार घसरला तर बहुतेक वेळा तो शब्द त्याच्या ओळखीचा नसतो.

गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 मध्ये हेच फार सोप्या रीतीनं मांडलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

आता मनात साठलेलं एक बोलते. वाचणाऱ्या मुलाला मध्येच तोडणं. एका घरी मी पाहुणी म्हणून गेले होते. दुसरीतली मुलगी नऊ ओळी वाचत होती आणि तिला अकरा वेळा थांबवलं गेलं. “नीट बघ, काना आहे.” “दीर्घ आहे ना तो?” “परत वाच.” प्रेमापोटीच चाललं होतं, मला मान्य आहे. पण चौथ्या ओळीनंतर ती मुलगी पुस्तकाकडे बघेचना, ती आईच्या तोंडाकडे बघायला लागली. प्रत्येक शब्दाला वर मान करायची, बरोबर आहे का ते आईच्या चेहऱ्यावर वाचायचं, मग पुढचा शब्द. कुठून येणार ओघ? मूल वाक्याच्या शेवटी पोचलं तर निम्म्या चुका त्याच्या त्यालाच कळतात, कारण वाक्य जुळत नाही. ती संधी आपण हिरावून घेतो. कृपा करून घेऊ नका.

दुसरं, घड्याळ लावून बसणं. निपुण भारत हे केंद्र सरकारचं लहान मुलांच्या वाचन-गणिताचं अभियान 2021 मध्ये सुरू झालं. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं त्यात अपेक्षित आहे. ‘समजून’ हा शब्द घरी येईपर्यंत गळतो आणि मोबाइलचं स्टॉपवॉच तेवढं उरतं. शिवाय आपला शब्द केवढा असतो! ‘शाळेसमोरच्या’ हा एक शब्द. त्यात शाळा आहे, समोर आहे, ‘च्या’ आहे. असे शब्द मुलानं थोडं थांबून, तोडून वाचले तर वाचू द्या.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. घरी काय करायचं ते आता भरभर सांगते.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. एकच पान तीन-चार दिवस घ्या. पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मुलानं नुसतं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी दोघांनी एका सुरात. मग त्यानं एकट्यानं. तेच तेच वाचल्यानं ओघ येतो, हे सॅम्युअल्स या अभ्यासकांनी 1979 मध्ये दाखवलं. आपल्याकडे आरत्या पाठ असलेल्या मुलाला आरतीसंग्रह वाचता येतो, तेच हे. शब्द अडला तर मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आला तर सरळ सांगून टाका, कोडी घालू नका. पानात ठेचा फार लागत असतील तर पुस्तक बदला, मुलाला बोल लावू नका. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलनं बारीक रेघ मारा.

“समजलं का?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. “तिला राग आला हे तुला कशावरून कळलं?” असं विचारा. कशावरून, हा शब्द रोज वापरा.

पुस्तकं विकत आणायलाच हवीत असं नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. लग्नपत्रिका, वाण्याची यादी, एसटीची पाटी, सगळं वाचून घ्या. आणि एवढं करूनही महिनोन्‌महिने अक्षरंच जुळत नसतील तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांना दाखवा. आळशी म्हणू नका.

एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय, “माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी कशी मदत करू?” ताई, तुम्ही भाकरी थापत असताना मुलाला शेजारी बसवा आणि वाचायला सांगा. पुस्तकाकडे बघायची गरज नाही. तो थांबला की “मग?” म्हणा. नाही कळलं तर “हे कसं काय?” विचारा, तो तुम्हाला समजावून सांगेल. चाऱ्यातला च चुकला तर तुमच्या कानाला लगेच कळेल, पुण्याच्या माझ्या जावयाला कदाचित कळणार नाही.

दाराजवळच्या टेबलावर त्या गोठ्याच्या गोष्टीच्या पन्नास प्रती ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा, आज जेवणं झाल्यावर मुलांकडून वाचून घ्या आणि तिसऱ्या ओळीला कान द्या.